खोडलेले पत्ते

केपटाऊनच्या क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवर उच्च न्यायालयाची एक जोडइमारत आहे. तिच्या दाराबाहेर, फुटपाथवरच, दोन बाकं ठेवलेली आहेत. एकावर लिहिलंय 'फक्त गोऱ्यांसाठी', दुसऱ्यावर 'फक्त गोरेतरांसाठी'. मी पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी होती आणि दोन्ही बाकांवर माणसं डबे उघडून बसली होती. कोण कुठे बसलंय याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. ही बाकं म्हणजे एक स्मारक आहे. १९६०च्या दशकात याच इमारतीत एका विशेष मंडळापुढे सुनावण्या चालायच्या. माणूस कोणत्या वंशाचा, हा तिथला वाद असे. वादी म्हणे, मी गोरा आहे. सरकार म्हणे, नाही, तू कलर्ड आहेस. मग त्याचे केस, नखं, पापण्या पाहिल्या जायच्या, शेजाऱ्यांच्या साक्षी निघायच्या आणि निकाल लागायचा.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला तो 'पत्ता'. फोनवर ते म्हणाले होते, माणसाचा पत्ता सरकार ठरवतं अशी एखादी गोष्ट शोधा. मला दक्षिण आफ्रिकाच आठवली. माझ्या शाळेच्या दिवसांत घरच्यांच्या भारतीय पासपोर्टवर छापलेलं असायचं की हा दक्षिण आफ्रिकेसाठी ग्राह्य नाही. त्या देशात नेमकं काय चालतं हे तेव्हा कळत नव्हतं. फक्त तिथे जायचं नाही, एवढं कळत होतं. फेब्रुवारीत जाऊन आले.

एका शब्दाची कचेरी

आपण मराठीत 'वर्णद्वेष' म्हणतो. वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांतून तोच शब्द वाचला, मीही तोच लिहीत आले. तिथे गेल्यावर मात्र तो अपुरा वाटू लागला. द्वेष ही मनातली गोष्ट. आफ्रिकान्स भाषेत ज्याला 'अपार्टहेट' म्हणतात त्याचा साधा अर्थ वेगळं असणं, वेगळेपण. १९४८ साली डी. एफ. मलान यांचा नॅशनल पक्ष हा शब्द घेऊन निवडणूक लढला आणि जिंकला. गोऱ्यांचं राज्य आणि वर्णभेद तिथे त्याच्याही आधी जवळजवळ तीन शतकं होताच. नवीन होती ती शिस्त. मनात काय आहे याला आता महत्त्व उरलं नव्हतं. अर्ज, रकाने, शिक्के, नकाशे आणि ते सांभाळणारे कारकून यांना महत्त्व आलं. या व्यवस्थेचे सगळ्यात मोठे शिल्पकार हेंड्रिक फर्वुर्ड हे केपटाऊनपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवरच्या स्टेलनबॉश विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक होते, हे मला सारखं आठवत राहिलं. नीट शिकलेल्या, वक्तशीर, फायली वेळेवर पुढे सरकवणाऱ्या माणसांनी हे चालवलं. टेबलामागच्या माणसाला समोरच्याचा राग असायची गरजच नव्हती. त्याने आपलं काम केलं की झालं.

पहिलं काम होतं यादीचं. १९५०च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाला एका रकान्यात बसवलं: गोरा, कलर्ड किंवा नेटिव्ह. नेटिव्हचं पुढे 'बांटू' झालं. कलर्ड म्हणजे मिश्र वंशाचे. केपमध्ये आणलेले गुलाम, मूळचे खोईखोई लोक आणि युरोपियन यांच्या तीनशे वर्षांच्या सरमिसळीतून झालेला समाज. त्याचे पुन्हा तुकडे पाडले: केप कलर्ड, मलाय, ग्रिक्वा, चिनी, भारतीय, इतर आशियाई आणि कशातच न बसणारे 'इतर कलर्ड'. गोरा कोण, याची कायद्यातली व्याख्या वाचून मी थक्क झाले. दिसायला उघडच गोरा असेल तो, किंवा लोक ज्याला गोरा मानतात तो. पण दिसायला गोरा असूनही लोक ज्याला कलर्ड मानत असतील तो नव्हे. म्हणजे माणसाचा वंश शेवटी शेजाऱ्यांच्या बोलण्यावर येऊन टेकला. एखाद्याच्या वर्गीकरणाला तिऱ्हाइतालाही हरकत घेता येत होती. प्रतिज्ञापत्र करायचं, अनामत भरायची की झालं. गल्लीतलं एखादं जुनं भांडण असं थेट कचेरीत पोचू शकत होतं.

केसांत पेन्सिल खोचायची, ती घसरून पडली तर गोरा, अडकून राहिली तर नाही, ही परीक्षा आता जगभर ठाऊक आहे. कायद्यात ती कुठेही लिहिलेली नव्हती. काम लवकर उरकावं म्हणून कचेऱ्यांनी ती काढली होती. सँड्रा लेंग या मुलीचं प्रकरण अशाच वर्गीकरणातून उभं राहिलं. तिचे आईवडील गोरे, नोंदही गोरी, पण तिचा रंग सावळा आणि केस कुरळे. ती दहा-अकरा वर्षांची असताना तिला गोऱ्यांच्या शाळेतून काढून घरी पाठवलं आणि १९६६मध्ये तिची नोंद कलर्ड अशी बदलली. वडील न्यायालयात लढले. पुढच्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला, आईबापांचा वंश ग्राह्य धरला गेला आणि ती पुन्हा गोरी झाली. मधल्या काळात त्या लेकराच्या अंगावर काहीही बदललं नव्हतं.

गॅझेटात आलेली वस्ती

यादी झाली की पुढचं काम जमिनीचं. त्याच १९५० साली गट-क्षेत्र कायदा आला. शहराचा नकाशा घ्यायचा, त्यावर रेषा मारायच्या आणि कोणत्या भागात कोणत्या वंशाने राहायचं, दुकान मांडायचं, हे जाहीर करायचं. एखादा भाग अमक्या गटाचा म्हणून गॅझेटात छापून आला की तिथले बाकीचे लोक आपल्याच घरात बेकायदा ठरायचे.

केपटाऊनच्या मधोमध, टेबल माउंटनच्या पायथ्याशी 'डिस्ट्रिक्ट सिक्स' नावाची वस्ती होती. १८६७ साली नगरपालिकेचे विभाग पाडले तेव्हाचा हा सहावा. गुलामगिरीतून सुटलेल्यांची पोरंबाळं, गोदीतले कामगार, शिंपी, सुतार, पूर्व युरोपातून आलेले ज्यू, मलाय मुसलमान, आपल्याकडचे गुजराती आणि कोकणी दुकानदार, असे सगळे तिथे राहत. वस्ती काही देखणी नव्हती. घरमालक भाडी वसूल करत आणि डागडुजीला हात लावत नसत. दाटी होती, ओल होती, टोळ्या होत्या. सरकारने पुढे 'झोपडपट्टी निर्मूलन' असं कारण दिलं ते याच आधारावर. गळतं छप्पर दुरुस्त करायला माणसं हलवावी लागत नाहीत, हे सांगायला नगररचनेचा अभ्यास लागत नाही. समुद्राजवळची, बंदराजवळची, डोंगराच्या कुशीतली ती जागा हवी होती. इथून हाकलणं तसं आधीही झालेलंच. १९०१मध्ये प्लेगची साथ आली तेव्हा आफ्रिकी लोकांना इथून उचलून शहराबाहेर नेऊन ठेवलं होतं.

११ फेब्रुवारी १९६६ रोजी डिस्ट्रिक्ट सिक्स गोऱ्यांचं क्षेत्र म्हणून जाहीर झालं. ज्या खात्याकडे हे काम होतं त्याचं नाव समाजविकास खातं आणि त्याचे मंत्री पी. डब्ल्यू. बोथा, जे पुढे पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष झाले. १९८२पर्यंत ६० हजारांहून अधिक माणसं हलवली गेली.

हे एका दिवसात झालं नाही, आणि त्यातच त्याची जरब होती. खात्याचा माणूस घरोघर फिरून नोंदी घ्यायचा: माणसं किती, कोणत्या गटाची, भाडं किती. मग नोटीस यायची. घरमालकांची घरं सरकार आपणच ठरवलेल्या किमतीला घ्यायचं, कारण दुसरं गिऱ्हाईक उरलेलंच नसायचं. भाडेकरूंना गटाप्रमाणे नव्या वसाहतीत खोल्या मिळायच्या. शेजाऱ्यांना एकत्र पाठवायची पद्धत नव्हती. रिकामं झालेलं घर लगेच पाडायचे. गल्लीत दहा घरं असली तर आज तिसरं जाई, महिन्याने सातवं. मधल्या घरातली माणसं दोन्ही बाजूंना ढिगारे बघत, आपली नोटीस कधी येते याची वाट बघत राहायची. काहींनी अशी पाच-सहा वर्षं काढली.

पाठवायचे ते केप फ्लॅट्सवर. नावातला 'फ्लॅट' म्हणजे सपाट, उघडी, रेताड जमीन. दक्षिण-पूर्वेचा वारा सुटला की वाळू दाराखालून आत येते. शहरापासून काही वसाहती पंचवीस किलोमीटर दूर. पूर्वी कामाला चालत जाणारी माणसं आता दोन वाहनं बदलून जाऊ लागली.

पाडापाडीत मशिदी आणि चर्च तेवढी राहिली. आज म्यूर स्ट्रीटची झीनतुल इस्लाम मशीद, ॲस्पेलिंग स्ट्रीटची अल-अझहर मशीद, सेंट मार्क्स चर्च अशी उभी आहेत, आणि भोवती गवत.

उधारीची वही

बाइटनकांट स्ट्रीटवर एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम आहे. डिसेंबर १९९४मध्ये ते सुरू झालं. आत शिरताच छतापासून खाली लोंबणाऱ्या रस्त्यांच्या पाट्या दिसतात. पाडकामावरच्या एका मुकादमाने त्या वर्षानुवर्षं गुपचूप जपून ठेवल्या होत्या, सत्तरपेक्षा जास्त. पाडणाऱ्यानेच त्या राखल्या, ही गोष्ट मला कितीतरी वेळ सोडेना. जमिनीवर वस्तीचा हाताने रंगवलेला भलामोठा नकाशा आहे आणि त्यावर जुन्या रहिवाशांनी आपापल्या घराच्या जागी नावं लिहिली आहेत. शाळेच्या मुलांनी भरलेली एक बस आली. मुलं नकाशावर पाय पडू नये म्हणून भिंतीला धरून चालू लागली. म्युझियममधल्या बाईंनी त्यांना सांगितलं, चाला, रस्ते चालायलाच असतात.

तिथेच मला चाचा भेटले. त्यांचं नाव इथे देत नाही, त्यांचीच तशी इच्छा. सत्तरीला टेकलेले, अंगात करडा स्वेटर, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी. आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले. केपटाऊनमध्ये कोकणी मुसलमानांची मोठी वस्ती आहे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासूनची. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यातल्या गावांतून पुरुष बोटीने आले, कुणाच्या दुकानात राबले, मग स्वतःची छोटी दुकानं टाकली. १९१३च्या स्थलांतर कायद्याने नवी माणसं येणं जवळपास बंदच केलं. चाचांची बोली कानावर पडली आणि मी दापोली-खेडच्या एसटीत बसल्यासारखी झाले. मधेच आफ्रिकान्स शब्द यायचे, मधेच इंग्रजी, आणि क्रियापद पुन्हा कोकणचं.

हॅनोव्हर स्ट्रीटला लागून असलेल्या एका गल्लीत त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. मागे राहायच्या दोन खोल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं आणि कपाटातून एक वही काढली. लांबट, काळ्या पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेल्या. दुकानाची उधारी. पहिल्या पानांवर हिशेब पौंड-शिलिंगमध्ये, मग १९६१च्या फेब्रुवारीत नाणी बदलली तिथून रँडमध्ये. साखर, पीठ, रॉकेल, साबण. दर पानावर वर एक आडनाव आणि खाली गल्लीचं नाव: हॉर्स्टली, टाइन, कॅलेडन, स्टुकेरिस. घर क्रमांक बहुतेक ठिकाणी नाहीच. "कशाला लागतो नंबर?" चाचा म्हणाले. "हाक मारली की माणूस खिडकीत."

मग शेवटची तीसेक पानं. गल्लीचं नाव एका सरळ रेघेने खोडलेलं आणि शेजारी दुसऱ्या शाईने लिहिलेलं: मॅनेनबर्ग. पुढच्या पानावर खोडलेलं, शेजारी बॉन्टह्यूवेल. मग हॅनोव्हर पार्क, म्हणजे नाव तेवढं ओळखीचं. एका पानावर गुगुलेटू, म्हणजे आफ्रिकी कुटुंब. एका पानावर दोन पत्ते लिहिलेत, कारण घरच दोन गटांत विभागलं गेलं. नवरा एका रकान्यात बसला, सासू दुसऱ्यात. वडील हे सगळं स्वच्छ, गोलाकार अक्षरात लिहीत होते. उधारी वसूल व्हावी म्हणून सुरुवात केली असेल. चाचांच्या मते नंतर नंतर ते उधारीसाठी लिहीत नव्हते, कारण ज्यांचं काही येणं नव्हतं त्यांचेही पत्ते त्यांनी शेवटच्या पानावर टिपून ठेवले आहेत. मी मोजले, एकोणचाळीस भरले. शहरात कुणाकडेही त्या गल्लीची अशी यादी नसेल. सरकारकडे होती, पण ती गटवार.

काही लोक नव्या वसाहतीतून आगगाडीने येऊन पैसे चुकते करून गेले. एक बाई दर शनिवारी यायच्या, दुकान बंद होईपर्यंत. घरून इथवर यायला त्यांना जवळजवळ दीड तास लागायचा आणि घ्यायची काय, तर आगपेटी.

दुकानाची पाळी १९७१मध्ये आली. भारतीय म्हणून यांना रायलँड्स मिळालं, क्लिपफॉन्टेन रोडजवळ. चाचा अजून तिथेच राहतात. तिथे वडिलांनी पुन्हा दुकान टाकलं, पण चालेना. कारण समजायला सोपं आहे. भारतीय लोक शहरभर विखरून दुकानदारी करत होते, प्रत्येकाचं गिऱ्हाईक सगळ्या जातकुळीचं. आता सगळ्या दुकानदारांना एका वस्तीत आणून बसवलं. गल्लीत समोर दुकानदार, बाजूला दुकानदार. घेणार कोण? जोहान्सबर्गच्या पेजव्ह्यूमध्येही हेच झालं. तिथल्या चौदाव्या रस्त्यावरच्या गजबजलेल्या बाजारातून भारतीय व्यापाऱ्यांना उठवून 'ओरिएंटल प्लाझा' नावाच्या इमारतीत घातलं. चाचांच्या वडिलांनी तीन वर्षांत दुकान बंद केलं आणि दुसऱ्याच्या गोदामात हिशेबनीस म्हणून लागले. ही वही त्यांनी टाकली नाही.

शुक्रवारच्या नमाजाला मात्र वडील शेवटपर्यंत म्यूर स्ट्रीटलाच जात. रायलँड्समध्ये हबीबिया मशीद होती, चालत जाण्याजोगी. तरीही दोन बस बदलून जात. नमाजानंतर बाहेर पायऱ्यांवर पंधरा मिनिटं उभं राहिलं की मॅनेनबर्गचा, बॉन्टह्यूवेलचा, बो-काप्चा असे सगळे भेटत. बो-काप् हे मलाय क्षेत्र म्हणून राखलेलं. एकाच रांगेत नमाज पढणारी माणसं, नमाज झाला की तीन-चार वेगळ्या दिशांच्या बसमध्ये चढत.

महिन्याची सही

आतापर्यंत मी ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना शहरात कुठेतरी तरी जागा होती. आफ्रिकी माणसाला तीही हक्काने नव्हती. १९१३च्या जमीन कायद्याने देशातली सुमारे सात टक्के जमीन आफ्रिकींसाठी ठेवली, पुढे ती तेरा टक्क्यांच्या आसपास गेली. लोकसंख्येत ते तर बहुसंख्य. शहरात यायचं ते कामापुरतं, अशी सरकारची धारणा होती आणि पश्चिम केपमध्ये तर कामातही कलर्डांना प्राधान्य, असं धोरणच होतं.

लांगा ही केपटाऊनची सगळ्यात जुनी आफ्रिकी वसाहत, १९२७ची. तिथली जुनी पास-कचेरी आणि तिचं न्यायालय आता संग्रहालय आहे. विटांची ठेंगणी इमारत. आत लाकडी पिंजरा आणि काचेखाली ती पुस्तिका, लोक जिला 'डोम्पास' म्हणत, मूर्खाचा पास. १९५२ साली जो कायदा आला त्याच्या नावातच 'पास रद्द करणं' असे शब्द होते. प्रत्यक्षात सगळे जुने कागद एकत्र करून ही जाडजूड पुस्तिका हातात दिली. फोटो, जमात, कराच्या पावत्या, शहरात राहायची परवानगी आणि शेवटी मालकाच्या सहीची पानं. दर महिन्याला सही. मी काचेवर वाकून ते पान पाहिलं. एकाखाली एक त्याच माणसाची सही, अकरा महिने. बाराव्या चौकटीत काही नाही. नोकरी सुटली असेल, मालक गावाला गेला असेल, विसरला असेल. रिकामी चौकट घेऊन रस्त्यावर सापडला की माणूस आत.

शहरात परवानगीविना ७२ तासांपेक्षा जास्त थांबता येत नसे. कायमचं राहायचं तर तिथेच जन्म झालेला हवा, नाहीतर एकाच मालकाकडे सलग दहा वर्षं नोकरी, नाहीतर पंधरा वर्षं कायदेशीर वास्तव्य. मग नवव्या वर्षी मालकाने काढलं तर? नव्याने मोजायचं. म्हणून माणसं पगार वाढवून मागत नसत, भांडत नसत. पोलीस दाराशी न येताही हा नियम घराघरात हजर असे. बायकोला आणायची परवानगी मिळणं दुरापास्त. पुरुषांसाठी होस्टेलं होती, एकेका खोलीत अनेक खाटा. तिथे लोक वस्तीचा पत्ता म्हणून खाटेचा क्रमांक सांगत, असं लांगातल्या वाटाड्याने सांगितलं. त्याचे वडील तसे बावीस वर्षं राहिले. वर्षातून एकदा घरी, ट्रान्सकाईत, म्हणजे आफ्रिकींसाठी राखलेल्या भागात.

पासच्या न्यायालयात एकेक खटला काही मिनिटांत उरके. नाव, पुस्तिका, दंड किंवा तुरुंग, पुढचा. १९१६ ते १९८४ या काळात देशभरात १ कोटी ७० लाखांहून अधिक वेळा लोकांवर पास-कायद्यांखाली कारवाई झाली, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलला पास घरी ठेवून पोलीस ठाण्यावर गेलेल्या जमावावर गोळीबार झाला, ६९ माणसं मेली. त्याच दिवशी लांगातही गोळ्या चालल्या. नऊ दिवसांनी याच लांगातून तेवीस वर्षांचा फिलिप क्खोसाना सुमारे ३० हजार माणसं घेऊन शहरापर्यंत चालत गेला, शांतपणे. त्याला मंत्र्यांशी भेट घालून देण्याचं वचन मिळालं, त्याने लोकांना परत पाठवलं आणि संध्याकाळी भेटीला गेला तेव्हा त्याला अटक झाली. लांगातला वाटाडा हे सांगताना थांबला, रस्त्याकडे बोट करून म्हणाला, इथूनच वळले ते सगळे. मग बराच वेळ काही बोलला नाही.

गोखल्यांचं मराठी

चाचांकडे चहा पिताना गोखल्यांचा विषय निघाला, आणि तो त्यांनीच काढला. १९१२च्या ऑक्टोबरात गोपाळ कृष्ण गोखले केपटाऊनला उतरले ते तिथल्या भारतीयांची दैना पाहायला. करार संपलेल्या मजुरांवर तीन पौंडांचा वार्षिक कर होता, वास्तव्यावर, व्यापारावर बंधनं होती. गांधीजी सगळ्या दौऱ्यात बरोबर होते. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान आणि थोडे महाराष्ट्रीय हिंदू यांच्या सभेत गोखल्यांनी मराठीत बोलावं, असं गांधीजींनी सुचवलं आणि भाषांतराची जबाबदारी आपल्यावर घेतली. गांधीजींचं मराठी कितपत, हे गोखल्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी ते मानलं. पुढे झांजिबारपर्यंत भारतीयांच्या सभांत ते मराठीतच बोलत राहिले. गांधीजींनी हे आपल्या सत्याग्रहाच्या इतिहासात लिहून ठेवलंय. चाचांच्या घरात ही गोष्ट वाचून आलेली नव्हती. त्यांच्या आजोबांचे कुणी नातलग त्या सभेत होते, असं घरात सांगत. खरं-खोटं करायला आज कुणी नाही. गोखल्यांसारखा कोतळूकचा, म्हणजे कोकणातलाच माणूस जोहान्सबर्गमध्ये उभा राहून खेड-दापोलीच्या माणसांशी आपल्या बोलीला जवळच्या भाषेत बोलला, एवढं मात्र नक्की.

त्या कर आणि परवान्यांच्या कायद्यांतच पुढच्या गट-क्षेत्रांचं बी होतं. १९४६ साली भारतीयांच्या जमीनखरेदीवर बंधन घालणारा कायदा आला तेव्हा भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. विजयालक्ष्मी पंडित यांनी तो आमसभेत मांडला. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान यान स्मट्स होते. भारत तेव्हा स्वतंत्रही झालेला नव्हता. १९७४ साली भारताचा टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचला आणि भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळायचं नाकारून चषक सोडून दिला. चाचा तेव्हा अठरा वर्षांचे होते. ती बातमी त्यांनी कात्रण काढून ठेवली होती, कुठेतरी हरवली म्हणाले. सांगताना त्यांचा आवाज भरून आला आणि मलाही पुढचं काही विचारता आलं नाही.

कायदा गेला, रूळ राहिले

पास-कायदे १९८६मध्ये गेले. जमीन, गट-क्षेत्र आणि लोकसंख्या नोंदणी हे तिन्ही १९९१मध्ये रद्द झाले. १९९४मध्ये सगळ्यांनी मत दिलं. कागदावरचं कागदाने पुसता येतं. पण नगररचनाकारांनी रेषा जमिनीवर मारल्या होत्या, काँक्रीटमध्ये आणि लोखंडात. दोन गटांच्या वस्त्यांमध्ये रेल्वेचा रूळ, महामार्ग किंवा मोकळा पट्टा ठेवायचा, हा नियमच होता. मॅनेनबर्ग आणि गुगुलेटू यांच्यामध्ये आजही रूळ आहेत. एक कलर्डांची वस्ती, एक आफ्रिकींची. मुलं एकमेकांच्या मैदानावर खेळायला जात नाहीत. शहराबाहेरच्या खायेलित्शा वसाहतीतून शहरात कामाला येणारी बाई पहाटे अंधारात मिनीबस टॅक्सीच्या रांगेत उभी राहते आणि पगाराचा मोठा वाटा प्रवासावर घालवते. तिला आता कुणी अडवत नाही. तिला परवडणारं घर मात्र तिथेच आहे जिथे तिच्या आईला पाठवलं होतं. हे पाहताना आपल्याकडचा 'गावकुसाबाहेर' हा शब्द माझ्या मनात सारखा येत होता.

डिस्ट्रिक्ट सिक्सची जमीन इतकी वर्षं रिकामी का राहिली? कारण लोकांनी ती विकू दिली नाही. गोऱ्यांसाठी म्हणून मोकळी केलेली ती जागा शहराने डागाळलेली मानली. सरकारने तिथे एक तंत्रमहाविद्यालय बांधलं. ते उभं आहे. पण १९८०च्या दशकात एका तेल कंपनीने घरं बांधायची योजना आणली तेव्हा जुने रहिवासी, चर्च, मशिदी सगळे एकत्र आले आणि ती रोखली. आज जे गवत दिसतं ते या लढ्याने राखलेलं आहे.

१९९४च्या कायद्याने गेलेल्या जमिनीवर दावा करता येऊ लागला, भाडेकरूंनाही. मुदत ३१ डिसेंबर १९९८. ११ फेब्रुवारी २००४ रोजी नेल्सन मंडेलांच्या हस्ते पहिल्या दोन परतणाऱ्यांना किल्ल्या मिळाल्या. दोघंही ऐंशीच्या पुढचे. त्यानंतर कामाची गती इतकी मंद की लोकांना पुन्हा न्यायालयात जावं लागलं. कित्येकांनी पैसे घेऊन दावा मिटवला, कित्येक वाट पाहून गेले. चाचांनी दावा आईच्या नावाने केला होता. आई २००९मध्ये गेली. आता तो भावंडांच्या नावावर आहे. दोन भावांना पैसे हवेत, यांना घर हवंय. फाइल पुढे सरकत नाही. मला यात कुणाचा दोष काढायचा नाही, पण पाडायला सोळा वर्षं पुरली आणि बांधायला त्याहून कितीतरी जास्त लागताहेत, हे डोळ्यांसमोर आहे.

मशिदीपासून किती पावलं

दरवर्षी ११ फेब्रुवारीला जुने रहिवासी म्युझियमपासून वस्तीच्या जागेपर्यंत चालत जातात आणि दगडांच्या ढिगावर एकेक दगड ठेवतात. मीही गेले. वारा इतका की टोप्या धरून चालावं लागत होतं. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या एका आजींच्या मांडीवर दगड होता, त्यावर रंगाने गल्लीचं नाव. ढिगाशी पोचल्यावर त्यांनी तो दुसऱ्या कुणाला ठेवू दिला नाही.

गर्दी पांगल्यावर चाचा मला म्हणाले, चल, दुकान दाखवतो. दुकान म्हणजे गवत, हे दोघांनाही माहीत होतं. गल्ल्या उरलेल्या नाहीत, रस्त्यांची वळणंही बदललीत, म्हणून मोजायचं ते मशिदीपासून. म्यूर स्ट्रीटच्या पायरीवर पाठ टेकवून ते उभे राहिले आणि चालू लागले, तोंडाने मोजत. वडील पहाटेच्या नमाजाला न्यायचे तेव्हा झोप घालवायला हे पोर पावलं मोजायचं. दोनशे चाळीस व्हायची. तो आकडा त्यांना अजून पाठ आहे.

दोनशे चाळीसला आम्ही पोचलो ते एका उताराच्या मध्यावर. पायाखाली जुन्या फरशीचा एक तुकडा, चहूकडे वाळलेलं गवत. चाचांनी इकडेतिकडे पाहिलं, डोंगर कुठे येतो ते पाहिलं, बंदराकडे पाहिलं. मान हलवली. इथून क्रेन दिसायच्या नाहीत, म्हणाले. फार पुढे आलो आपण. जरा वेळाने त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा ते सात वर्षांचे होते.

ते मशिदीकडे परत गेले. पुन्हा पायरीला पाठ लावली आणि या वेळी लहान मुलासारखी, एकाला एक चिकटलेली छोटी पावलं टाकत, सुरुवातीपासून मोजायला लागले.